चायना ॲस्टर : फुलाची वैशिष्ट्ये, उपयोग आणि लागवडीचे वेळापत्रक

प्रस्तावना

सणासुदीच्या दिवसांत महाराष्ट्रातील फूलबाजारात झेंडू, शेवंती आणि गुलछडी यांच्या बरोबरीने हमखास दिसणारे फूल म्हणजे ॲस्टर होय. पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डातील बाजारभावाच्या यादीत या फुलाचा उल्लेख ‘अष्टर’ असा होतो आणि त्यापुढे दोन भाव दिलेले असतात. एक ‘सुट्टा’ फुलांचा व दुसरा ‘जुडी’चा. सुट्टे फूल हारात, वेणीत व पूजेच्या ताटात जाते, तर लांब दांड्यासह बांधलेली जुडी फुलदाणीत व सजावटीत वापरली जाते. एकाच पिकाची ही दोन रूपे असून दोहोंची गरज निराळी आहे. ही गोष्ट लागवडीच्या पुस्तिकांमध्ये सहसा एखाद्या ओळीत आटोपली जाते. प्रत्यक्षात मात्र पेरणी कधी करावी हा प्रश्न बऱ्याच अंशी तिच्यावरच अवलंबून आहे.

पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत ॲस्टर हे प्रामुख्याने लहान शेतकऱ्याचे पीक आहे. दहा-वीस गुंठे ओलिताची जमीन, घरची माणसे आणि जवळची बाजारपेठ एवढ्या भांडवलावर ते घेता येते. यासाठी हरितगृह लागत नाही, कंद अथवा कलमे विकत घ्यावी लागत नाहीत. तथापि या पिकाची एक अडचण आहे. ॲस्टरचे झाड आयुष्यात एकदाच फुलते. गुलाबाप्रमाणे ते पुन्हा छाटून धरता येत नाही. फुलांचा बहर काही आठवड्यांत संपतो आणि त्याबरोबर झाडही संपते. त्यामुळे बहर सणाच्या आधी किंवा नंतर आला, तर त्या हंगामापुरती चूक सुधारण्याची संधी उरत नाही. या वनस्पतीच्या रचनेचा व लागवडीचा विचार या अंगाने होणे आवश्यक आहे.

नाव आणि कूळ

ज्याला बाजारात ॲस्टर म्हणतात ते शास्त्रीय दृष्ट्या ॲस्टर नव्हेच. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ साली या वनस्पतीला ‘ॲस्टर चायनेन्सिस’ असे नाव दिले होते. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ कासिनी याने तिच्यासाठी कॅलिस्टेफस ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली आणि १८३२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ नीस याने ‘कॅलिस्टेफस चायनेन्सिस’ हे आज प्रचलित असलेले नाव रूढ केले. ‘सुंदर मुकुट’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे प्रजातिनाम घडले आहे. या प्रजातीत ही एकच जाती मानली जाते. तिच्या पेशीत गुणसूत्रांच्या नऊ जोड्या असतात.

खऱ्या ॲस्टर प्रजातीतील बहुतेक वनस्पती बहुवर्षायू असून त्यांची फुले लहान व विरळ पाकळ्यांची असतात. पुष्पगुच्छात भर घालण्यासाठी जी बारीक पांढरी किंवा जांभळी फुलांची काडी वापरतात, तिलाही विक्रेते ॲस्टरच म्हणतात. गंमत अशी की अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ गाय नेसम यांनी १९९४ साली केलेल्या पुनर्मांडणीनंतर उत्तर अमेरिकेतील बहुतांश ॲस्टरही सिम्फायोट्रायकम व इतर प्रजातींत गेले. म्हणजे बाजारातील ‘ॲस्टर’ या नावाखाली येणारी बरीचशी फुले आता काटेकोर अर्थाने ॲस्टर राहिलेली नाहीत. नावाचा हा घोळ केवळ पंडिती नाही. बियाणे किंवा रोपे मागवताना वर्षायू चायना ॲस्टर हवा की बहुवर्षायू, हे स्पष्ट न केल्यास भलतेच पीक शेतात येऊ शकते. प्रस्तुत लेखात यापुढे ॲस्टर हा शब्द चायना ॲस्टर याच अर्थाने योजला आहे.

ही वनस्पती मूळची चीन व कोरिया या प्रदेशांतील आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनमधील जेझुइट धर्मप्रचारकांमार्फत तिचे बी पॅरिसच्या शाही उद्यानात पोहोचले. लंडनजवळील चेल्सी उद्यानाचा प्रमुख फिलिप मिलर याला १७३१ साली तांबड्या व पांढऱ्या एकेरी फुलांच्या ॲस्टरचे बी मिळाले आणि सुमारे दोन दशकांनी, १७५२ च्या सुमारास, दुहेरी फुलांचे वाण त्याच्या हाती आले. पुढील शतकात जर्मनीतील बियाणे उत्पादकांनी या फुलावर इतके काम केले की इंग्रजी बागकामात ते काही काळ ‘जर्मन ॲस्टर’ म्हणून ओळखले जाई. रानटी अवस्थेत मध्यभागी पिवळे बिंब आणि भोवती जांभळ्या पाकळ्यांची एक-दोन वर्तुळे असलेले हे साधे फूल माणसाच्या निवडीमुळे गेंददार, पिसासारखे, सुईसारख्या पाकळ्यांचे अशा अनेक रूपांत बदलले.

फुलाची रचना

ॲस्टर सूर्यफुलाच्या कुलातील, म्हणजे ॲस्टरेसी कुलातील वनस्पती आहे. झाड ताठ, केसाळ व जातीनुसार साधारणपणे २० ते ९० सें.मी. उंच वाढते. पाने एकाआड एक, दातेरी कडांची असून खालची पाने मोठी व लांब देठाची, तर वरची लहान होत जातात. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो वस्तुतः अनेक लहान फुलांचा समूह असतो. त्याला स्तबक म्हणतात. स्तबकाखाली हिरव्या, पानांसारख्या छदांचे मंडल असते. कडेची जिव्हाकृती पुष्पके, ज्यांना व्यवहारात पाकळ्या म्हटले जाते, ती केवळ स्त्रीलिंगी असतात, तर मधली नलिकाकृती पिवळी पुष्पके द्विलिंगी असतात.

दुहेरी फुलांच्या वाणांत मधल्या नलिकाकृती पुष्पकांची जागा बहुतांशी जिव्हाकृती पुष्पकांनी घेतलेली असते, अथवा नलिकाच लांब व रंगीत झालेल्या असतात. यातील दुसऱ्या प्रकाराला बियाणे व्यवसायात ‘पावडरपफ’ म्हणतात. हारासाठी हाच गेंददार प्रकार सोयीचा ठरतो, कारण सुईदोऱ्यात ओवताना मधले पिवळे बिंब उघडे पडत नाही आणि फूल दाबले गेले तरी त्याचा आकार बराचसा टिकून राहतो. याउलट एकेरी फूल बागेच्या वाफ्यात मोहक दिसले तरी बाजारात त्याला फारसे स्थान नाही.

परागीभवनाच्या दृष्टीने ॲस्टर मुख्यतः स्वपरागित आहे. मात्र मधमाश्या व इतर कीटक फुलांना भेट देतात आणि त्यामुळे काही प्रमाणात परपरागीभवन होते. शेजारी-शेजारी वाढवलेल्या पांढऱ्या व जांभळ्या वाणांचे घरचे बी पुढच्या वर्षी थोडे मिश्र निघते, त्याचे कारण हेच होय.

रंगांचे रसायन

ॲस्टरच्या रंगांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे योग्य ठरेल, कारण या फुलाने रसायनशास्त्राला एक नाव दिले आहे. वनस्पतींतील रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी १९१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांनी आपल्या सहकाऱ्यासह ॲस्टरच्या फुलांतून दोन रंगद्रव्ये वेगळी केली. त्यांपैकी एकाला प्रजातीच्या नावावरून ‘कॅलिस्टेफिन’ असे नाव मिळाले. पुढे १९२८ मध्ये इंग्लंडमधील रॉबर्ट रॉबिन्सन यांनी सहकाऱ्यासमवेत ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार केले. हेच कॅलिस्टेफिन स्ट्रॉबेरीच्या फळालाही मुख्यत्वे लाल रंग देते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि हारातील तांबडा-गुलाबी ॲस्टर यांच्या रंगामागे एकच रेणू आहे, ही माहिती विद्यार्थ्यांना नेहमीच चकित करते.

ॲस्टरमधील रंग प्रामुख्याने अँथोसायनिन गटातील तीन मूलद्रव्यांपासून होतात : पेलार्गोनिडिन, सायनिडिन आणि डेल्फिनिडिन. येथे ‘मूलद्रव्य’ हा शब्द रंगाचा मूळ घटक एवढ्याच अर्थाने घ्यावयाचा आहे. या रेणूंच्या एका कड्यावर अनुक्रमे एक, दोन व तीन हायड्रॉक्सिल गट असतात. गटांची संख्या जसजशी वाढते तसतसा रंग लालसर गुलाबीकडून किरमिजी आणि पुढे निळसर जांभळ्याकडे सरकतो. पांढऱ्या वाणांत अँथोसायनिन तयार होत नाही. झेंडूला पिवळा-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये मात्र ॲस्टरच्या पाकळ्यांत तशा प्रमाणात नसतात. म्हणून झेंडूसारखा गडद केशरी ॲस्टर कोणी पाहिलेला नाही. हार करणाऱ्याने झेंडूच्या जोडीला ॲस्टर निवडण्यामागे हे रसायन आहे. झेंडू पिवळा व केशरी रंग पुरवतो, जांभळा व गुलाबी रंग ॲस्टर पुरवतो आणि दोन्ही फुले एकाच मोसमात बाजारात येतात.

उपयोग

हार, वेणी, गजऱ्यातील मधले फूल, तोरण, मखराची व मंडपाची सजावट, रांगोळीतील पाकळ्यांची आरास हे ॲस्टरचे रूढ उपयोग होत. त्याला उल्लेखनीय सुगंध नाही. म्हणून अत्तर किंवा तेल यांसाठी ते वापरले जात नाही. दांड्याची फुले फुलदाणीत साधारण आठवडाभर चांगली राहतात, मात्र फुलाआधी पाने पिवळी पडतात. त्यामुळे जुडी बांधताना पाण्यात बुडणारी खालची पाने काढून टाकणे हिताचे असते. बुटक्या जाती कुंड्यांत व बागेच्या कडेच्या वाफ्यांत लावतात.

धार्मिक विधीत ॲस्टरचे असे स्वतंत्र स्थान परंपरेने सांगितलेले नाही. जास्वंद, झेंडू किंवा कमळ यांना देवतांशी जोडणाऱ्या समजुती आहेत तशा या परक्या फुलाविषयी नाहीत. तरीही गणेशोत्सव, नवरात्र, दसरा, दिवाळी आणि मार्गशीर्षातील गुरुवार या काळात त्याला मागणी येते ती निव्वळ रंग, टिकाऊपणा व किंमत यांमुळे. याचा अर्थ असाही होतो की ही मागणी रीतीने बांधलेली नाही. हार करणाऱ्याला त्या दिवशी शेवंती स्वस्त मिळाली तर तो ॲस्टर घेणार नाही. प्लास्टिकच्या फुलांची सर्वाधिक झळ अशाच, केवळ सजावटीसाठी वापरल्या जाणाऱ्या फुलांना बसते.

सूर्य आणि पंचांग

ॲस्टरच्या वाढीवर दिवसाच्या लांबीचा मोठा प्रभाव असतो. दिवस मोठा असताना दांडा लांब वाढतो व कळ्या धरण्यास चालना मिळते. त्यानंतर दिवस लहान होत गेला की कळीपासून फूल उमलण्याची क्रिया वेगाने होते. दिवस सुरुवातीपासूनच लहान असेल तर झाड बराच काळ जमिनीलगत पानांच्या गुच्छाच्या अवस्थेत राहते आणि दांडा आखूड पडतो. पॅरिससारख्या उत्तरेकडील शहरात जूनचा दिवस सोळा तासांचा असतो, तर पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा असतो. महाराष्ट्रात हा फरक कमी असल्याने पीक वर्षातील बऱ्याच काळात घेता येते, परंतु त्याचा परिणाम अगदीच नाहीसा होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या पिकाचा दांडा लांब होतो; हिवाळ्यातील पिकाचा आखूड राहतो.

वनस्पती अशा रीतीने सूर्याच्या गतीने चालते, तर तिची बाजारपेठ चांद्र पंचांगाने चालते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे सण दरवर्षी तितके अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला आली. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने ती १४ सप्टेंबरला येते. दसऱ्याच्या तारखाही याच क्रमाने २४ ऑक्टोबर, १२ ऑक्टोबर, २ ऑक्टोबर आणि २० ऑक्टोबर अशा आहेत. ‘दसऱ्यासाठी जूनमध्ये बी टाकावे’ असा सर्वसाधारण सल्ला या पार्श्वभूमीवर पुरेसा ठरत नाही.

रोपवाटिकेत सुमारे एक महिना आणि पुनर्लागणीनंतर जातीनुसार साधारण अडीच ते साडेतीन महिने असा या पिकाचा कालावधी असतो. एखाद्या जातीला पेरणीपासून ऐन बहरापर्यंत १२० दिवस लागतात असे धरल्यास २०२३ च्या दसऱ्यासाठी बी २६ जूनच्या सुमारास टाकणे योग्य होते. २०२५ च्या दसऱ्यासाठी तेच काम ४ जूनला व्हायला हवे होते. गणेशोत्सवाच्या बाबतीत गणित अधिक कठीण होते. २०२३ साठी पेरणीची तारीख २२ मे येते, तर २०२५ साठी ती २९ एप्रिल येते. सण लवकर येईल त्या वर्षी रोपवाटिका भर उन्हाळ्यात करावी लागते, तीही विहिरीचे पाणी तळाला गेलेले असताना. ॲस्टरला दिवसा २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्राच्या पठारावर पारा चाळिशीला टेकतो. अशा वेळी शेडनेटची सावली आणि दिवसातून दोन-तीन वेळा झारीने हलके पाणी याशिवाय रोपे जगत नाहीत. सण लवकर आल्याचा दुसरा परिणाम बहराच्या वेळी जाणवतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतीचा पाऊस पडण्याची शक्यता असते आणि भरगच्च पाकळ्यांच्या फुलात पाणी साचले की ते आतून कुजते.

यावरून जुडी आणि सुट्टा या भेदाचे महत्त्व लक्षात येते. दांडा हवा असेल तर मोठ्या दिवसांत वाढणारे, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस अथवा पावसाळ्याच्या सुरुवातीस लावलेले पीकच घ्यावे लागते. मार्गशीर्षातील गुरुवारांसाठी वेणी व हाराची सुट्टी फुले पाहिजे असल्यास ऑगस्टमध्ये बी टाकता येते, कारण तेथे आखूड दांड्याने काही बिघडत नाही. सर्व क्षेत्रात एकाच दिवशी लागण करण्यापेक्षा दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत लागण करणे अधिक शहाणपणाचे आहे. त्यामुळे एका टप्प्याचा बहर तरी सणाला मिळतो आणि तोडणीला घरची माणसे पुरतात.

जाती

गणेशखिंड, पुणे येथील संशोधन केंद्रातून महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या फुले गणेश व्हाइट, फुले गणेश पिंक, फुले गणेश व्हायोलेट आणि फुले गणेश पर्पल या जाती राज्यात परिचित आहेत. बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कामिनी, पूर्णिमा, शशांक व व्हायोलेट कुशन या जाती दिल्या. यांपैकी पूर्णिमा पांढऱ्या व व्हायोलेट कुशन जांभळ्या पावडरपफ फुलांची आहे, तर कामिनी गडद गुलाबी आहे. याच संस्थेच्या अलीकडील जाती ‘अर्का’ या नावाने ओळखल्या जातात. एकाच जातीवर सर्व क्षेत्र न ठेवता किमान दोन रंग असावेत, कारण रंगाची मागणी बाजारात आठवड्यागणिक बदलते.

रोपवाटिका व लागवड

ॲस्टरचे बी बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे ४०० बिया भरतात. लागवडीच्या शिफारशींमध्ये हेक्टरी अडीच ते तीन किलो बी सांगितलेले आढळते. हा आकडा थोडा तपासून पाहण्यासारखा आहे. ३० × ३० सें.मी. अंतरावर हेक्टरी सुमारे १ लाख ११ हजार रोपे बसतात, तर अडीच किलो बियांत १० लाख दाणे असतात. दहा गुंठ्यांचा हिशोब केला तर लागणारी रोपे ११ हजार आणि शिफारशीप्रमाणे पडणारे दाणे एक लाख! म्हणजे नऊ दाण्यांमागे एक रोप हाती लागेल एवढेच या शिफारशीत गृहीत धरलेले आहे. याचे कारण ॲस्टरच्या बियांच्या अल्प आयुष्यात आहे. साध्या साठवणुकीत वर्षभरानंतर त्यांची उगवणशक्ती झपाट्याने घटते. ताजे, उगवण तपासलेले बी असेल आणि वाफ्याची निगा नीट राखली, तर यापेक्षा पुष्कळच कमी बियांत काम भागते. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठ-दहा दिवसांनी किती उगवले हे मोजणे हा बिनखर्चाचा उपाय असून त्याचा अवलंब फारच थोडे शेतकरी करतात.

रोपांसाठी ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व १५ ते २० सें.मी. उंच गादीवाफे करावेत. चांगले कुजलेले शेणखत मिसळून वाफा भुसभुशीत करावा, बी ओळीत पातळ टाकून वर चाळलेल्या शेणखताचा अगदी पातळ थर द्यावा. बी खोल गेल्यास उगवत नाही. उगवण आठवडाभरात सुरू होते. या अवस्थेत पाणी जास्त झाल्यास रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. हे टाळण्यासाठी बियाण्यास थायरमची प्रक्रिया करणे व वाफा उंच ठेवणे हे दोन्ही उपाय योजावेत. चार ते सहा पानांची, साधारण महिन्याची रोपे लावण्यास योग्य असतात. त्याहून जून झालेल्या रोपांना वाफ्यातच कळी धरते आणि झाड खुरटे राहते.

जमीन मध्यम, निचऱ्याची हवी. भारी काळ्या व चुनखडीच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते आणि लोहाची कमतरता दिसून पाने पिवळी पडतात. सरी-वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर सायंकाळच्या वेळी लागण करावी, नंतर आंबवणी-चिंबवणी वेळेवर द्यावी. स्फुरद व पालाश यांची पूर्ण मात्रा आणि नत्राची अर्धी मात्रा लागणीच्या वेळी, तर उरलेले नत्र सुमारे ४० दिवसांनी देण्याची पद्धत आहे. खतांचे प्रमाण माती परीक्षणानुसार ठरवणे इष्ट. लागणीनंतर महिनाभराने शेंडा खुडल्यास बाजूच्या फांद्या फुटून सुट्ट्या फुलांची संख्या वाढते, परंतु बहर काही दिवसांनी लांबतो. सणाची तारीख जवळ असेल तर ही खुडणी न केलेली बरी. दोन-तीन खुरपण्या पुरेशा होतात. कळ्या दिसू लागल्यापासून पाण्याचा ताण पडू देऊ नये.

मर आणि हिरवी फुले

ॲस्टरचा सर्वांत घातक रोग म्हणजे फ्युजेरियम बुरशीमुळे होणारी मर. या बुरशीचा जो प्रकार ॲस्टरवर येतो तो याच पिकासाठी विशेषित झालेला आहे. झाडाच्या एका बाजूची पाने आधी पिवळी पडणे, खोड चिरून पाहिल्यास आतील वाहिन्या तपकिरी दिसणे आणि पुढे संपूर्ण झाड वाळणे ही लक्षणे होत. अनेकदा झाड कळ्यांवर येईपर्यंत निरोगी दिसते आणि ऐन तोडणीच्या आधी कोसळते. बुरशी जमिनीत कित्येक वर्षे टिकून राहते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे १९२० च्या दशकातच मररोगग्रस्त शेतात टिकलेल्या झाडांची निवड करून प्रतिकारक वाण तयार करण्यात आले होते, यावरून हा प्रश्न किती जुना आहे हे कळून येते.

यावरील खात्रीचा उपाय एकच. त्याच जमिनीत लागोपाठ ॲस्टर न घेणे. मोठ्या शेतकऱ्यासाठी ही साधी गोष्ट आहे. ज्याच्याकडे ओलिताखाली एकच पंधरा गुंठ्यांचा तुकडा आहे त्याच्यासाठी मात्र फेरपालट म्हणजे काही वर्षे या उत्पन्नावर पाणी सोडणे ठरते. म्हणूनच शिफारस माहीत असूनही ती पाळली जात नाही आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी पीक बसते. त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग म्हणजे तुकड्याचे तीन-चार भाग पाडून ॲस्टर दरवर्षी एका भागात फिरवणे, इतर भागांत भाजीपाला, मका किंवा झेंडू घेणे आणि पाटाचे पाणी रोगट भागातून निरोगी भागाकडे जाऊ न देणे. झेंडूच्या काही जाती मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्याही घटवतात. ट्रायकोडर्मा शेणखतात वाढवून देणे, उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर प्लास्टिक अंथरून ती तापवणे यांनी रोगाचा जोर कमी होतो. परंतु जमीन बुरशीमुक्त होत नाही.

दुसरा रोग शास्त्रीय दृष्ट्या अधिक रंजक आहे. झाड पिवळे पडते, बारीक फांद्यांचा झुबका येतो आणि पाकळ्या रंगीत न होता हिरव्याच राहतात. याला ‘ॲस्टर यलोज’ असे म्हणतात. तो तुडतुड्यांमार्फत पसरतो आणि रोगट झाडाचा रस घेतल्यानंतर तुडतुडा काही दिवस गेल्याशिवाय रोग पसरवू शकत नाही, हे एल. ओ. कुंकेल यांनी १९२६ साली दाखवून दिले. त्यानंतर चार दशके या रोगाचे कारण विषाणू आहे असेच मानले जात होते. १९६७ मध्ये जपानी संशोधक दोई व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुतीचा खुजेपणा, ॲस्टर यलोज व अन्य काही रोगांच्या झाडांतील अन्नवाहिन्यांत पेशीभित्ती नसलेले अतिसूक्ष्म जीव पाहिले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. आपल्याकडे तिळाच्या पिकात फुलांऐवजी पानांचे झुबके येतात तो पर्णगुच्छ रोगही याच प्रकारच्या जीवांमुळे होतो. रोगट ॲस्टर दिसताच उपटून नष्ट करणे आणि बांधावरील तणे काढणे याखेरीज शेतकऱ्याच्या हाती फारसे काही नसते. रोगट झाड औषध फवारून सुधारत नाही; फवारणी झालीच तर ती तुडतुड्यांसाठी, झाडासाठी नव्हे.

याखेरीज फुलकिडे, कोळी व कळ्या पोखरणारी अळी यांचा उपद्रव होतो.

तोडणी आणि बियाणे

सुट्ट्या फुलांसाठी फूल पूर्ण उमलल्यावर, तर जुडीसाठी बाहेरील पाकळ्या उलगडल्यावर तोडणी करावी. ती पहाटे किंवा सायंकाळी करणे योग्य. ओल्या फुलांचे ढीग करू नयेत. गाडीत ती तापतात आणि बाजारात पोहोचेपर्यंत काळवंडतात. काही ठिकाणी संपूर्ण झाडच उपटून, मुळे छाटून जुडी बांधली जाते.

घरचे बी धरावयाचे असल्यास मर न लागलेली, जातीशी जुळणारी व पहिल्या बहरात भरदार फुले आलेली झाडे आधीच खूण करून राखून ठेवावीत आणि त्यांची फुले बाजारात पाठवू नयेत. मर झालेल्या शेतातील बी वरून स्वच्छ दिसले तरी त्याच्या सालीवर बुरशी चिकटलेली असू शकते. वेगवेगळ्या रंगांचे वाण शक्य तितके दूर लावावेत. फूल वाळून तपकिरी झाल्यावर व त्यातील फळांवरील पांढरे केस सुटे दिसू लागल्यावर कोरड्या दिवशी तोडणी करून सावलीत सुकवावे. ॲस्टरचे जे बी म्हणून पेरले जाते ते खरे पाहता एकबीजी शुष्क फळ असते. चोळून, पाखडून त्याचे केस वेगळे करता येतात. पूर्ण वाळलेले बी घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड व कोरड्या जागी ठेवावे आणि बरणीवर वाणाबरोबर काढणीचा महिना व वर्ष लिहावे, कारण पुढच्या पावसाळ्यानंतर त्या बियांचा भरवसा धरता येत नाही.